चौथा प्लग

बाइंडरकाकूंनी जन्मात कधी गाडीच्या बॉनेटखाली हात घातला नव्हता. घातला असता, तरी काकांनी तो बाहेर काढायला लावला असता. छापखान्यात पुस्तकं शिवून शिवून काकूंची बोटं टणक झाली होती, जाड पुठ्ठा त्या हाताने सहज वाकवत, पण गाडीपाशी गेल्या की काकांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तुला नाही जमायचं ते." काका बसचे ड्रायव्हर. आठवडाभर कंपनीची बस हाकायची आणि सुट्टीच्या दिवशी अंगणातल्या स्वतःच्या जुन्या गाडीत डोकं खुपसून बसायचं. काकू त्या गाडीला सवत म्हणत. "सवतीची आंघोळ आटोपली असेल तर जेवायला या," अशी हाक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर सुट्टीला जायची.

काका निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. सगळ्या शब्दांतून एकच काय तो मागे राहिला: "बघू." भूक लागली की बघू, औषध नको असलं की बघू, राग आला तरी बघूच. फरक फक्त आवाजात. काकू तो आवाज ओळखायला शिकल्या.

डॉक्टरांनी व्यायामासाठी दवाखान्यात यायला सांगितलं होतं. टॅक्सीवाला आणि धाकटे दीर मिळून काकांना खुर्चीसकट उचलून न्यायचे. गल्लीतले लोक दाराशी येऊन हळहळायचे, आणि काका मान खाली घालून बसायचे. दोन-चार वेळा हे झालं. मग एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने पलंगाचा दांडा घट्ट धरला आणि काही केल्या सोडला नाही. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. काकूंनी समजूत घातली, रागावून पाहिलं, दूरगावच्या मुलीला फोनवर बोलायला लावलं. काका भिंतीकडेच.

अशात दिरांनी गाडीचा विषय काढला. उभी राहून सडतेय, भंगारवाल्याला देऊन टाकू, असं ते स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाले. घर ते केवढंसं! आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. दोघं धावत गेली तर काका पलंगावर उठून बसलेले आणि काठीने दाराकडे दाखवत होते. आजारपणानंतर ते आपण होऊन पहिल्यांदा अंगणात आले, आधार घेऊन का होईना, आणि खुर्ची गाडीसमोर लावून घेऊन बसले.

नवी बॅटरी घातल्यावर गाडी सुरू झाली, पण हिवताप भरल्यासारखी थडथड कापू लागली. चारांतलं एक सिलिंडर बंद होतं. दिरांनी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने तीन स्पार्क प्लग सहज काढले. चौथा, पार मागचा, जेमतेम हलला आणि तिथेच अडकून बसला. जोर वाढवायला गॅरेजवाल्याने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला. ते पाहताच काका ओरडले आणि काठी त्याच्या दिशेने भिरकावली. माणूस वाईट नव्हता. काठी उचलून त्याने काकांच्या मांडीवर ठेवली आणि काकूंना बाजूला घेऊन म्हणाला, प्लग आत तुटला तर इंजिनाचं अख्खं हेड खोलावं लागेल, या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत, आणि काका असे अंगावर येणार असतील तर मला जमायचं नाही. जाताना पाना आणि गंज सोडवायच्या तेलाचा डबा मात्र तो ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी काका सकाळपासून अंगणात. पाना तिथेच, प्लग तिथेच. काकूंनी पदर खोचला आणि पाना बसवून जोर लावला. कर्रर्र आवाज झाला. काका काठी आपटू लागले. काकूंना वाटलं, जोर कमी पडतोय. त्यांनी आणखी लावला. "बघू! बघू!" काका किंचाळले.

काकूंच्या हातातला पाना खाली पडला. "अहो, मग सांगा ना काय करू!" त्या म्हणाल्या. "जन्मभर तुला नाही जमायचं, तुला नाही जमायचं. एकदा तरी दाखवलं असतंत मला."

काकांची मान खाली गेली. काकू तशाच आत गेल्या आणि मोरीत हात घासत राहिल्या. काळं निघेना. आपण कुणाला बोललो, ज्याला उलट बोलताही येत नाही त्याला, हे मनात आलं आणि त्यांना भडभडून आलं. डोळे पुसून त्यांनी खिडकीतून पाहिलं. काठी खाली पडलेली होती. काका चांगल्या पायाने जमीन रेटत खुर्ची पुढे सरकवत होते. जरा सरकायचं, दम घ्यायचा, पुन्हा सरकायचं. काकूंचा पाय दाराकडे वळला, पण त्या थांबल्या. गाडीपर्यंत पोचून काकांनी पत्र्यावर हात टेकला, तेव्हाच त्या बाहेर गेल्या.

पाना उचलून त्यांनी पुन्हा प्लगवर बसवला. काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि हात पान्यावर ठेवला. आधी प्लग उलट आवळायला लावला, अगदी थोडा. मग सोडवायला, तोही तेवढाच. पुन्हा आवळ, पुन्हा सोड. आवाज कोरडा आला की त्यांची पकड घट्ट व्हायची; मग तेलाचे थेंब सोडायचे आणि थांबायचं. काकूंना इतका वेळ थांबणं ठाऊक नव्हतं. काकांनी तळहात पसरून दाखवला: राहू दे, उद्या.

दुसऱ्या दिवशीही प्लग निघाला नाही. मग काकांनी बाकीचे तीन प्लग परत बसवून घेतले, आधी नुसत्या बोटांनी फिरवून, आटे नीट धरल्यावरच पान्याने. काकूंची बोटं बघून त्यांनी मान डोलावली. चौथा होता तसा परत आवळून घेतला आणि किल्लीकडे बोट दाखवलं. काकू पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. इंजिन थडथडत जरा गरम झालं, जाम आटे सैल पडण्याइतकं, मग बंद केलं, आणि पुन्हा दोघांचे हात पान्यावर आले. आवळ, सोड. दुपार कलली. आणि मग एकाएकी पाना हलका झाला. काकूंना वाटलं, तुटला. भीतीने त्यांनी काकांकडे पाहिलं. काका शांत होते.

प्लग अख्खा बाहेर आला, काजळीने काळाकुट्ट. काकांनी करंगळी भोकाच्या आत फिरवून आटे चाचपले आणि हळूच म्हणाले, "बघू." हा आवाज काकूंनी आजारपणात ऐकला नव्हता.

नवा प्लग घातल्यावर गाडी एका लयीत चालू लागली. पत्र्यावर हात ठेवून काका कितीतरी वेळ बसून राहिले. त्यांचं तोंड घामाने भिजलं होतं. काकूंनी हातातल्या फडक्याने ते पुसलं तर गालावर काळा पट्टा उमटला. दोघांनाही हसू आलं. मग काका रडू लागले, आणि काकूंनी त्यांना रडू दिलं.

काकू गाडी शिकल्या. शिकवणारा त्यांच्या मुलीच्या वयाचा होता आणि त्यांना फार भ्यायचा. लायसन्स हातात आल्यावर त्या गाडी थेट पायरीला लावायच्या. काका काठी टेकत, भिंत धरत, दारापासून सीटपर्यंत स्वतः यायचे. वेळ लागायचा. मागे गाड्या हॉर्न वाजवायच्या, काकू ढिम्म हलायच्या नाहीत. काकांचा हात काही परत आला नाही, दुसरा शब्दही आला नाही. पण दवाखान्यातला व्यायाम चुकला नाही. चौकात काकूंनी घाई केली की शेजारून करडा "बघू" यायचा आणि काकू ब्रेकवर पाय ठेवायच्या.

पुढे काकांना दुसरा झटका आला. या वेळी ते इस्पितळातून परतले नाहीत. शेवटी काकू जवळ होत्या, हात हातात होता. पहाटे त्या आणि दीर बाहेर आले, तर आवारात गाडी उभी होती. काकूच ती चालवत घेऊन आल्या होत्या.

दिरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "वहिनी, आज तुम्ही नका चालवू. मी चालवतो."

"नको भाऊजी," काकू म्हणाल्या. "हाताला काहीतरी काम असू दे."

त्या बसल्या, आरसा नीट केला, आणि गाडी हळूच घराच्या रस्त्याला लावली.