मोटर उलटी फिरवणाऱ्या लेलेबाई

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लेलेबाईंबद्दल लिहायचं म्हणून आधी माफी मागून ठेवते.

कर्वेनगरला त्यांच्याकडे धुण्याभांड्याचं काम विचारायला गेले, तेव्हा बाईंनी दार उघडलं आणि माझ्या हातात एक बारकी मोटर दिली. तिच्या दांड्याला आइस्क्रीमची काडी चिकटवली होती.

“काम आहे का हो, बाई?”

“आहे. हे घट्ट धर. काडी कुठं फिरते?”

“उजवीकडं.”

त्यांनी टेबलावरचं बटण दाबलं. “आता?”

“डावीकडं.”

“बरं झालं. या घरात डावं-उजवं कळणारं कुणी नव्हतं.”

घरात त्या एकट्याच राहत होत्या, हे मला नंतर कळलं.

बाईंनी तीस वर्षं एका तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर त्या गणपती मंडळांच्या हलत्या देखाव्यांसाठी मोटर चालवणारे विजेचे बोर्ड बनवू लागल्या. राक्षसाचा हात वर जातो, खाली येतो, ते त्या बोर्डामुळे. मोटर एकाच बाजूला फिरत राहिली तर हात खांद्यातून निखळेल. तो खाली आणायला मोटरीत वीज उलट्या बाजूने सोडावी लागते.

हे त्यांनी मला ओट्यावर शिकवलं. मधे लाटणं आडवं ठेवलं, ती मोटर. त्याच्या दोन्ही टोकांशी वर एक, खाली एक अशा चार वाट्या, ते चार ट्रान्झिस्टर. “ही चार दारं समज. वरचं डावं आणि खालचं उजवं उघडलं की वीज लाटण्यातून इकडून तिकडं जाते. वरचं उजवं आणि खालचं डावं उघडलं की तिकडून इकडं. आणि एकाच बाजूची वरची-खालची दोन्ही उघडलीस, तर वीज लाटण्याकडं ढुंकून बघत नाही. सरळ खाली. मग काय?”

“मग काय, बाई?”

“धूर. आणि मला लेक्चर द्यायची संधी.”

पहिलं वर्ष मी भांडी घासली. दुसऱ्या वर्षापासून भांडी झाली की बोर्डावर सुटे भाग जोडायला सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे, डाग द्यायला बसू लागले. माझा एखादा डाग जाडजूड झाला की बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, “हा डाग आहे की कुणी शिंकलं?” चांगला झाला तर काहीच म्हणत नसत. त्यांची शाबासकी म्हणजे गप्प बसणं. त्यांचा नियम एकच होता: “एक बोर्ड कर, चालवून बघ, मग दुसऱ्याला हात लाव.”

एकदा गणपतीच्या तोंडावर पेठेतल्या एका मंडळाची चोवीस बोर्डांची ऑर्डर होती आणि नेमकं बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या आत पडून होत्या, काम माझ्या एकटीवर. दुकानदाराने नेहमीचे ट्रान्झिस्टर संपले म्हणून दुसरे दिले. दिसायला तसेच, चपटे, कपाळाला भोक, तीन पाय. अंगावरची अक्षरं मात्र वेगळी. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती अक्षरं चित्रासारखी ओळखीची झाली होती. फरक मला दिसला. विचारायला बाईंच्या दारापर्यंत गेलेही. मग वाटलं, आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही हे किती वेळा दाखवायचं? परत फिरले. पहिला बोर्डही चालवून बघितला नाही. मोटरच्या आवाजाने बाईंची झोप मोडेल, असं मनाला सांगितलं.

चोवीस बोर्ड झाले आणि एकही मोटर हलेना.

बाई एका डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आल्या. मीटर लावून बघितलं. “यांचे पाय उलटे आहेत. पहिल्याच्या जागी तिसरा.” मी एकेक काढून उलटे बसवायला गेले, तर डागाबरोबर बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडून यायला लागली. सगळा माल वाया गेला. मला रडू फुटलं. “पगारातनं कापा, बाई.”

“पगार भांड्यांचा आहे. भांडी नीट घासलीस. हे वेगळं भरायचं. जमेल तसं, पण सगळं.” मग म्हणाल्या, “मोलकरणीचं नुकसान माफ करतात, मंगल. कारागिराकडून भरून घेतात.”

दोन दिवस मला त्यांचा राग आला. धायरीला आमच्या शेजारच्या बायका म्हणाल्या, “म्हातारी कंजूस आहे, सोड काम.” पण नवा माल आणून बाई एका डोळ्याने माझ्या शेजारी बसल्या. पहिला बोर्ड चालवल्याशिवाय त्यांनी मला दुसऱ्याला हात लावू दिला नाही. ऑर्डर वेळेवर गेली. तेव्हापासून त्या मला दर बोर्डामागे मजुरी देऊ लागल्या. काहीही अडलं की मी विचारायचे. एकदा फार विचारलं म्हणून ओशाळले, तर म्हणाल्या, “विचार. लाज स्वस्त आहे, ट्रान्झिस्टर महाग झालेत.”

पुढच्या गणपतीच्या आधी मी उरलेले सगळे पैसे ओट्यावर ठेवले. बाईंनी दोनदा मोजले.

“पन्नास जास्त आहेत.”

“व्याज, बाई.”

“मी काय बँक वाटले तुला?” त्यांनी पन्नासची नोट माझ्याकडे सरकवली. “पावती हवी?”

“नको हो. तुम्ही काय परक्या आहात?”

“हवी. कामात कुणी आपलं नसतं, परकंही नसतं.” त्यांनी कागद घेतला आणि मला वाचता यावं म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: मंगल, कारागीर, यांच्याकडून पूर्ण रक्कम मिळाली. बाकी काही नाही.