चार बोटांचं जाळं

एडवणच्या आमच्या अंगणात नवं जाळं विणून झालं की बाबा चार बोटं जुळवून त्याच्या भोकांतून घालून बघायचे. बोटं अडली की तेवढं जाळं उसवायचे. बारकी मासळी निसटून गेलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मला तो खुळेपणा वाटायचा.

होडी माझ्या हाती आली तेव्हा मी बाजारातून तयार जाळं आणलं. त्यातून माझं एक बोट जेमतेम जायचं. बाबांनी ते हातात घेतलं, बोटं लावून बघितली आणि खाली ठेवलं. त्या वर्षी मासळी दुप्पट लागली. मग मोठं इंजिन आलं, मग मोठी होडी. गेल्या वर्षीपेक्षा जास्त मासळी मिळाली नाही तर वर्ष वाया गेलं, असं मी मानत राहिलो. सगळेच मानत होते, पण त्यांच्या आड मी लपणार नाही.

यंदा बाबांनी अंथरूण धरलं. एकदा त्यांनी पापलेट मागितलं. चार दिवस समुद्रात जाऊन मी रिकामा परत आलो. शेवटी बोईसरच्या बाजारातून बर्फातलं एक आणलं, तळहाताएवढं. बायकोने ते तळून ताटात वाढलं.

बाबांनी त्यावर चार बोटं जुळवून ठेवली. सगळा मासा बोटांखाली झाकला गेला.

"ह्यो अजून बाळ हाय," ते म्हणाले. "माज्या जाळ्यातून गेला असता."

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "आता तूच खा."

मी खाल्लं. काट्यांशिवाय त्यात फारसं काही नव्हतं.