ऐंशीच्या पुढची थरथर

यांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हा कारण सांगितलं नाही. गणपती होऊन गेले होते. चावी फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "आता तूच चालव. मला कंटाळा आला."

कंटाळा हा शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हे तीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. सुट्टीवर आले की माझ्या मिक्सरचा आवाज ऐकून त्यात काय बिघडलंय ते सांगायचे. मी गाडी शिकले ती हे बोटीवर असताना, मुलांना शाळेत सोडायला. पण गावातल्या गावात. हायवे कायम यांचाच. आता गाडी बाजारात आणि आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत तेवढी जायची. लांज्याला माझ्या बहिणीकडे आम्ही एसटीने जायला लागलो. हे खिडकीशी बसायचे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी ते बघत होते, पण विचारलं नाही. यांना विचारून काही कळत नाही, थांबावं लागतं.

दिवाळीनंतर बहीण अंगणात घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. तिला थोडे दिवस आमच्याकडे आणायचं ठरलं. त्या पायाने ती एसटीत चढणार कशी, म्हणून मी गाडी काढली.

हातखंब्यापुढे हायवे मोकळा मिळाला. सत्तरपर्यंत सगळं ठीक होतं. ऐंशीला स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं, पार कोपरापर्यंत.

"अहो, हे स्टेअरिंग बघा किती थरथरतंय."

हे एकदम माझ्याकडे वळले. "तुला लागतंय?"

"लागतंय म्हणजे काय, हाताला मुंग्या आल्या."

"हळू कर." मी साठवर आणलं. थरथर गेली. "आता परत वाढव. क्लच दाबून बघ. ब्रेक लावू नको." क्लच दाबला तरी थरथर तशीच. "म्हणजे इंजिन नाही. चाक आहे," असं म्हणून यांनी डोळे मिटून घेतले. मग पुढे रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, माझे हात."

सासऱ्यांचे हात शेवटी इतके कापायचे की दोन वर्षं मीच त्यांना पेज भरवली. हे तेव्हा बोटीवर होते, पण सुट्टीत आले की दाराशी उभे राहून बघायचे. तेच यांच्या मनात होतं, आणि मी इतके दिवस एसटीत यांच्या शेजारी बसून शेंगा खात होते. एक हात स्टेअरिंगवर ठेवून दुसरा यांच्या मनगटावर ठेवला. "समोर बघ," एवढंच म्हणाले.

लांज्यात टायरवाल्याने पुढची चाकं काढली. उजव्या चाकाच्या रिमला आतून बागेतली तांबडी माती लिंपल्यासारखी सुकून बसली होती. त्याने ती खरवडली, चाक यंत्रावर फिरवलं, वजन सारखं व्हायला रिमच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकले. "काका, आता लोण्यासारखी पळेल," म्हणाला.

बहिणीला मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. निघताना यांनी हात पुढे केला आणि मी चावी दिली.

हायवेला लागल्यावर काटा हळूहळू वर गेला. ऐंशी. नव्वदच्या जवळ यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, पण मला काही सांगितलं नाही. मी बाजूने हात लांबवून स्टेअरिंगला धरलं. "परत न्या बघू नव्वदला." यांनी नेलं. बारीक, पण थरथर होती.

"आहे," मी म्हटलं. "मलाही लागतेय. तुमचे हात नाहीत."

मग यांच्यातला इंजिनरूमवाला जागा झाला. गाडी परत लांज्याला नेली आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे लावून घेतली. पुन्हा हायवे. या वेळी स्टेअरिंग अगदी शांत. नव्वदला बहीण मागून म्हणाली, "भावजी, माझ्या बुडाखाली काहीतरी गुरगुरतंय. पाय दुखतोय माझा."

हे हसले. कितीतरी दिवसांनी. "म्हणजे दोष चाकाबरोबर मागे गेला. टायरच वेडावाकडा आहे."

परत दुकानात गेलो. टायरवाल्याने चाक उचलून फिरवलं, तेव्हा एका जागी टायर उसळताना नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आत कुठेतरी फुगला होता. तो बदलला. बहिणीने तेवढ्यात दुकानातल्या खुर्चीवर बसून दोन चहा घेतले आणि तिसऱ्यांदा गाडीत चढताना आम्हाला दोघांनाही बोलली.

घरी येईपर्यंत हेच चालवत होते. पण यांनी एकट्याने सोसलेले ते महिने मला विसरता येईनात. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तरी एकदा हात दाखवून येऊ." मला वाटलं, नाही म्हणतील. यांनी शर्ट घातला.

डॉक्टरांनी कागदावर चकलीसारखी रेघ काढायला सांगितली. यांनी काढली, सावकाश, गोल गोल. मग डॉक्टरांनी मलाही पेन दिलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून ते म्हणाले, "वयाच्या मानाने यांची उत्तम आहे. तुमचीच जरा हलतेय, काकी."

"ती घाबरलीय," हे म्हणाले, आणि माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.