उसातनं बोलत जायचं

दहा दिवस तोंड बंद ठेवलं की किस्से कुठं जातात? कुठं जात नाहीत, पोटात साचतात! मौनाचं शिबिर संपवून अकराव्या दिवशी आम्ही तिघं इंदापूरच्या स्टँडवर चहाला बसलो आणि तिघंही एकदम सुरू झालो. चहावाला वैतागला. "पाव्हणं, एकेक जण बोला की! किती चहा ते तरी कळू द्या!"

तिघं म्हणजे मी, दत्तूराव आणि आबा. सांगवीत माझं पाण्याच्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान, आणि दुकानापुढच्या बाकड्यावर हे दोघं रोज हजर. दत्तूराव ऊसवाले. आबा रिटायर्ड हेडमास्तर, अशी शिबिरं बरीच केलेले. शिबिरात आमच्याबरोबर चौथी माझी बायको, मंगल. खरं तर तिच्यासाठीच गेलो होतो.

दोन महिन्यांपूर्वी बिबट्यानं आमचं कुत्रं ओट्यावरून उचललं. मंगल तिथंच भांडी घासत होती. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तिचा आवाज बंद! घरात बोलायची, बाहेर मुकी. आता आमच्याकडं रीतच अशी, की उसातनं जायचं तर मोठ्यानं बोलत जायचं. एकटा असला तर मोबाईलवर गाणी लावायची. म्हणजे जनावर बाजूला होतं. हिला तर साधी हाक मारता येईना. ही कधी एकटी वाटेत सापडली तर? या एका विचारानं माझी झोप उडाली होती. डॉक्टर म्हणाले, घशाला काही नाही, भीती बसलीय. आबा म्हणाले, "ध्यानाला नेऊ."

मेव्हणी फोनवर ओरडली, "दाजी, जिचा आवाज गेलाय, तिला मौनाला नेताय व्हय?"

* * *

शिबिराची जागा इंदापूरच्या पलीकडं. तिन्ही बाजूंनी ऊस, आणि तोही माणूस बुडेल एवढा! गेटवर मोबाईल जमा करायचे होते. सगळ्यांनी दिले. दत्तूराव काही सोडंनात.

"साहेब, खोलीपासनं हॉलपर्यंत वाट उसातनं हाय. गाणी कशावर लावायची?"

सेवक तरुण होता, पुण्याचा. हसून म्हणाला, "काका, मनात म्हणा."

"मनातलं गाणं बिबट्याला ऐकू येतंय व्हय?"

मोबाईल गेलाच.

* * *

पहाटेची घंटा झाली. शंभर पावलांची वाट, दोन्हीकडं ऊस, बोलायचं नाही. पाचोळा वाजला की अंगावर काटा. मी पुरुषांच्या रांगेत मधोमध चालायचो, कडेला जायचोच नाही. सांगायला लाज कसली, मी घाबरटच आहे. तेवढ्यात पुढून दत्तूराव खोकले. खोकण्याला मनाई नव्हती! मग मी खोकलो. मागचा खोकला. दुसऱ्या दिवशी अख्खी रांग खोकत हॉलपर्यंत गेली. ज्यांना बिबट्याचं काही माहीत नव्हतं, तेही खोकायला लागले.

तिसऱ्या दिवशी आचार्य प्रवचनात काळजीनं म्हणाले, "इथली हवा साधकांना मानवत नाही असं दिसतं."

संध्याकाळपासून चहा बंद, सगळ्यांना अडुळशाचा काढा!

* * *

चौथा दिवस. आचार्य सांगत होते, फक्त श्वासाकडं लक्ष द्या. दिलं. माझा श्वास ऐकू आला. मग त्याच्यामागं आणखी एक ऐकू आला. जड, खर्जातला, अगदी पाठीशी. माझा घाम मानेवरून खाली ओघळला. हॉलचं मागचं दार उघडंच असायचं. डोळे उघडायचे नव्हते, पण मंगल पलीकडं बायकांत बसलेली. उघडले. हळूच मान वळवली.

आबा! ताठ बसलेले, मांडी जागच्या जागी, आणि झकास घोरत होते.

नंतर स्टँडवर चहा पिताना मी विचारलं तर म्हणाले, "मी समाधीत होतो."

"मग घोरत कोण होतं?"

"शरीर."

* * *

माझं ध्यान कुठं होतं म्हणाल, तर मंगलच्या चपलांवर. बायकांच्या दारात चपलांची रांग लागायची. तिची निळी, अंगठा तुटलेली, मीच मोटारीच्या तांब्याच्या तारेनं बांधून दिलेली. ती दिसली की मंगल आत, सुखरूप. मग मी डोळे मिटायचो.

पाचव्या दिवशी चप्पल नाही! दोनदा रांग बघितली. नाहीच. एकटी खोलीवर गेली असेल? त्या वाटेनं? हाक तरी कशी मारणार ती? हॉलमध्ये न शिरता मी तसाच वाटेकडं पळालो. सेवकानं अडवलं, कागद-पेन पुढं केलं. अडचण असली तर लिहून द्यायची, असा नियम.

मी लिहिलं, "बायको कुठे आहे?"

त्यानं शांतपणे खाली लिहिलं, "आत पाहा."

मी मनात म्हटलं, आता हे ज्ञान नको! तो माणूस खरोखर हॉलकडं बोट दाखवत होता. दाराच्या फटीतून बघितलं. मंगल शेवटच्या ओळीत डोळे मिटून बसलेली, आणि मांडीवर दोन्ही चपला घट्ट धरलेल्या. पळायला लागलं तर हाताशी असाव्यात म्हणून. मला हसू यायला पाहिजे होतं. रडूच आलं.

* * *

आठवा दिवस, दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही पुरुष हॉलबाहेर आलो आणि पुढचे थांबले. वाटेवर, वीस पावलांवर, बिबट्या बसला होता. निवांत. आमच्याकडं बघत.

कुणी हललं नाही. आठ दिवस खोकणाऱ्या दत्तूरावांना खोकला येईना. आबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आचार्य हात जोडून उभे. मला ओरडायचं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा कळलं, मंगलचं दोन महिने काय होत होतं.

पुरुषांची आणि बायकांची वाट वेगळी ठेवायला मधे दोरी बांधलेली होती. त्या दोरीपलीकडून, बायकांच्या बाजूनं, आवाज आला. आधी घोगरा, थरथरता.

"अहो... मोटारीचं बटण बंद करून आलाय का तुमी?"

मंगल! अनवाणी, चपला छातीशी धरलेल्या, दोरीखालून वाकून आमच्या वाटेवर येत होती. आवाज मात्र चढत गेला.

"का तशीच चालू ठिवून आलाय? गवारीत पाणी तुंबलं आसंल! आन् दळणाचा डबा? गिरणीतच ऱ्हायला न्हवं? किती येळा सांगायचं वो तुमास्नी!"

बिबट्यानं कान फिरवले. उठला. एकदा आमच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि उसात शिरला. शेंडे लांबवर हलत गेले, मग थांबले.

मंगल थांबली नाही. दळण झालं, गॅसची टाकी झाली, मेव्हणीच्या लग्नातली साडी निघाली. सेवक धावत आला, ओठांवर बोट ठेवून कुजबुजला, "ताई, मौन!"

"माझं दोन म्हयने झालं की पाळून," मंगल म्हणाली. "आता तुमी पाळा!"