वहिनीच्या ताटावर डोळा

ड्रायव्हिंग शाळेतल्या बाईंचं वजन उतरवण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली, पण नातेवाइकांच्या लेखी ते कालच झालं होतं. पूर्वी स्टिअरिंग आणि पोट यांच्या कात्रीत त्यांचा श्वास अडकायचा. आता त्याच गाडीत बसून त्या दिवसभर लोकांना क्लच सोडायला शिकवत. गुडघे कुरकुरायचे थांबले, साखर ताळ्यावर आली. जेवताना शांतता मात्र मिळेना.

"वहिनी, एवढंसंच? चिमणीसुद्धा जास्त खाते," धाकटी नणंद म्हणायची. पुढे थोडं वजन परत चढलं, तर तीच म्हणाली, "भरलीस गं पुन्हा! गेलं ना ऑपरेशन पाण्यात?"

"कमी खाल्लं तर उपाशी, चार घास जास्त गेले तर हावरट! माळ्यावर बसून जेवू का आता?" बाई नवऱ्यावर उखडायच्या.

"मनावर घेऊ नकोस," नवरा म्हणायचा. सगळ्या रोगांवर त्याचं हे एकच औषध.

नणंदेच्या वाढदिवसाला तर कहर झाला. बाई नको नको म्हणत असताना तिने केकचा भलामोठा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. "एका घासाने काय होतंय!"

थोड्याच वेळात बाईंना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात पीळ पडला. त्या न्हाणीघरात जाऊन फरशीवरच बसल्या.

"नाटकं पुरे, वहिनी," म्हणत नणंद आत आली आणि त्यांचा चेहरा पाहून चरकली.

"नाटक? नऊ वर्षं घसा कोरडा करतेय, ऑपरेशननंतर गोड सोसत नाही म्हणून! जन्मभर गोळ्या आहेत, रक्ताच्या तपासण्या आहेत. पोट लहान केलं, कान नाही. तुझं सगळं ऐकू येतं मला!"

नणंद त्यांच्याशेजारी फरशीवर टेकली. त्यांचा घाम पुसत म्हणाली, "मलाही करायचंय ऑपरेशन. भीती वाटते. म्हणून तुझ्या ताटावर डोळा ठेवून असते."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बये, मग सरळ विचारायचं ना!"

पुढच्या आठवड्यात त्याच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नणंदेचं अजून काही ठरत नाही. टोमणे थांबले, फोन सुरू झाले. परवाही बाई गाडी शिकवत असताना भर रस्त्यात फोन वाजला.

"वहिनी, केस फार गळतात का गं?"

"गळतात आणि परत येतातही. ठेव आता! इथे माणूस फुटपाथवर गाडी चढवतोय!"