स्पीकरने म्हटलेला जपजी

आज सकाळची प्रार्थना तुम्ही म्हटलीत, की तुमच्या मोबाईलने?

उत्तर मला देऊ नका. बारामतीच्या आमच्या छोट्या संगतीत, म्हणजे शीख भाविकांत, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आणि दर वेळी एक किस्सा पदरात पडला. येथे शिखांची घरे थोडी. गुरुद्वारा म्हणजे मार्केट यार्डामागची एक मोठी खोली. घरे थोडी असली की कोणाचे काही झाकून राहत नाही आणि किस्से न वेचता साचतात. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. चुका लक्षात राहतात.

* * *

अमृत घेतलेल्या, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शिखाला नित्यनेम बंधनकारक. पहाटे जपजी साहिब, जाप साहिब आणि सवय्ये. पुष्कळ जण त्यांना चौपई आणि आनंद साहिब जोडतात. सूर्यास्ताला रहिरास. निजताना सोहिला. हे सारे स्वतःच्या मुखाने.

आमचा जसबीर ठिबक सिंचनाचा डीलर. हुशार मुलगा. एकदा त्याने गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिब वाचणाऱ्या आमच्या वृद्ध ग्रंथींना, म्हणजे ज्ञानीजींना, विचारले, "ज्ञानीजी, रोज रोज तेच कशाला? रविवारी सगळे एकदम म्हटले तर?"

ज्ञानीजी शांतपणे म्हणाले, "पुत्तर, मग तू शेतकऱ्याला नळ्या कशाला विकतोस? महिन्याचे पाणी एकदम ओत म्हणावे!"

जसबीर त्या दिवसापासून रोज पाठ करतो. निदान तसे सांगतो.

* * *

महिंदरसिंगांचे इंदापूर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचे दुकान आहे. संगतीतले सर्वांत जुने अमृतधारी. कधी काळी सारी वाणी त्यांना मुखोद्गत होती. मग दुकानात एक ब्लूटूथ स्पीकर आला. पहाटे तो जपजी म्हणू लागला आणि महिंदरसिंग बेअरिंगे लावू लागले.

सणसरचे एक तात्या त्यांचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, "बेस केलंत, सरदारजी! आमच्यात बी काकडा आता भोंग्यावरच हाय. द्येवाला कानाशी मतलब, तोंडाशी न्हाय!"

महिंदरसिंगांना हे फार पटले. त्यांच्या पत्नीला, सतवंत कौरना, मुळीच पटले नाही. त्या मला म्हणाल्या, "मास्तरजी, नेम यांचा आणि पाठ डब्याचा. उद्या मुक्ती आली तर ती त्या डब्यालाच मिळेल!"

मी हसलो नाही. त्याही हसत नव्हत्या.

* * *

एकदा दोघे पती-पत्नी जीपमधून कळस गावाला पार्ट पोहोचवायला निघाले होते. सूर्य मावळत होता. महिंदरसिंगांनी मोबाईलवर रहिरास लावला. पाठ रंगात आला आणि मध्येच एक गोड आवाज म्हणाला, दाढीसाठी आजच घ्या आमचा नवा ट्रिमर!

शिखाच्या रहिरासात ट्रिमर! सतवंत कौरनी कानांवर हात ठेवले.

"एवढे काय त्यात?" महिंदरसिंग म्हणाले. "पाच सेकंदांनी स्किप होते."

"जाहिरात स्किप होते हो. तुम्ही तर पाठच स्किप केलात."



* * *

मग ज्ञानीजींचा घसा बसला. डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रिया सांगितली. आवाज परत येईल की नाही, हे सांगितले नाही. ज्ञानीजींना काळजी वेगळीच होती. गुरुपर्वाचा उत्सव तोंडावर आला होता आणि त्या पहाटेचा जपजी इतकी वर्षे तेच डोळे मिटून म्हणत आले होते. आम्ही बाकीचे त्यांच्या मागून.

इस्पितळात निघण्यापूर्वी त्यांनी साऱ्या संगतीदेखत घोगऱ्या आवाजात विचारले, "महिंदर, जपजी तू सांभाळशील?"

"सांभाळतो, ज्ञानीजी."

ते शब्द तोंडातून निघाले आणि महिंदरसिंगांचे जेवण सुटले. सतवंत कौर सांगत, की न्हाणीघरातून पुटपुट ऐकू येते, मग थांबते, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी नवऱ्याला विनवले, "पोथी समोर ठेवा ना. कोण काय म्हणणार आहे?"

"ज्ञानीजींनी कधी ठेवली होती का?"

पोथीला संगतीची हरकत नव्हती. हरकत अभिमानाची होती.

* * *

गुरुपर्वाची पहाट. ज्ञानीजींवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती. बोलण्यास सक्त मनाई. त्यांना निदान ऐकता यावे म्हणून मी माझा फोन चालू करून पुढे ठेवला. पलीकडे, त्यांच्या उशाशी, जसबीर फोन धरून बसला होता.

महिंदरसिंगांनी आरंभ केला. स्पष्ट उच्चार, संथ लय, डोळे मिटलेले. मला आनंद वाटला आणि थोडी लाजही. उगाच संशय घेतला.

जपजीत चार पौड्या, म्हणजे कडवी, ऐकण्याच्या आहेत आणि त्यांच्यानंतर चार मानण्याच्या. ऐकण्याच्या चारही पौड्या एकाच ओळीवर संपतात. जो रोज म्हणतो, त्याला त्या ओळीनंतरचे वळण जीभ दाखवते. महिंदरसिंग चौथ्या पौडीच्या शेवटाला आले, किंचित थबकले आणि पुन्हा ऐकण्याच्या पहिल्या पौडीवर गेले.

संगत मागून गेली. पुन्हा चौथी. पुन्हा तीच ओळ. पुन्हा पहिली! त्यांच्या कपाळावर घाम आला. ग्रंथसाहिबांसमोर त्यांना हाक कोण मारणार? कोणी खोकले, कोणी मान खाली घातली. मानण्याच्या पौड्या समोर होत्या आणि आम्हाला तेथे नेणारा कोणी नव्हता.

अखेर स्त्रियांच्या बाजूने सतवंत कौरचा आवाज उठला. त्यांनी मानण्याची पहिली पौडी उचलली, मग दुसरी, आणि जपजी शेवटपर्यंत नेला. महिंदरसिंगांचे ओठ मिटलेलेच राहिले.

जसबीरने मला नंतर सांगितले, "मास्तरजी, ज्ञानीजी पलंगावर उठून बसले होते हो. ओठ हलवत होते. आवाज नाही. आणि रडत होते."

* * *

जसबीरने हे त्याच सकाळी फोनवर महिंदरसिंगांनाही सांगितले. ते क्षमा मागण्याच्या रीतीप्रमाणे गळ्यात वस्त्र घालून, हात जोडून संगतीपुढे उभे राहिले. पगडीच्या कडेत बोट घालून त्यांनी एक छोटे यंत्र काढले आणि खाली ठेवले. रेकॉर्डिंग त्यांच्या कानात चालले होते. ते केवळ मागून म्हणत होते. चौथ्या पौडीला फोन आला आणि कानातला आवाज बंद पडला. फोन तात्यांचा होता. बेअरिंग आले का, विचारायला.

कोणीतरी हसू दाबले. महिंदरसिंग म्हणाले, "हसा. कैक वर्षांत मी एकदाही स्वतः म्हटलेला नाही."

पाच अमृतधारी शिखांनी विचार करून तनखा, म्हणजे धार्मिक दंड, सुनावला. गुरुद्वाऱ्याच्या दारात बसून संगतीची पादत्राणे पुसायची. आणि रोज पहाटे घरी परतलेल्या ज्ञानीजींसमोर बसून जपजी पाठ म्हणायचा. पोथी नाही, फोन नाही. चूक झाली की ज्ञानीजी हात वर करतील आणि पुन्हा आरंभापासून. बिनचूक होईपर्यंत दुकानाचे शटर उघडायचे नाही.

पहिल्या दिवशी महिंदरसिंग पादत्राणे पुसत असताना सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. सतवंत कौर म्हणाल्या, "फोन घरी आहे. चपलांना दोन्ही हात लागतात."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, तात्या सणसरहून ट्रॅक्टर घेऊन आले. शटर बंद. ते तसेच ज्ञानीजींच्या दाराशी गेले. आतून एकट्याचा कापरा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. सतवंत कौर पायरीवर बसल्या होत्या.

"वैनी, दुकान अजून बंद कसं? सरदारजी हायती कुठं?"

"ऐकण्याच्या पौड्यांवर आहेत, तात्या. बसा."