मोहळाचं गाणं

लच्छू बोरकुटे चांद्याला रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचा कान तिखट, म्हणून नागपूरच्या एका संस्थेनं त्याला रानातली गाणी टेपवर उतरवायला ठेवून घेतलं. एकोणीसशे चोपन्न-पंचावन्नचा सुमार. मशीन विलायतेहून आलेलं, बॅटरीवर चालणारं, धोंड्यासारखं जड. बैलगाडीत लच्छू ते मांडीवर घेऊन बसे. मशीन क्षणभरही सोडायचं नाही, असं संस्थेच्या साहेबांनी बजावलं होतं.

त्या उन्हाळ्यात तो कुरखेड्यापलीकडच्या एका गोंड गावात उतरला. तिथला चैतू मडावी मोहळ काढायला झाडावर चढताना गात असे. इथला बहर सरला, आता पलीकडच्या डोंगरावर जा, असं तो मधमाशांना गोंडीत समजावून सांगे. लच्छूनं त्याला अंगणातच गायला सांगून पाहिलं. चैतू हसला. इथं कोणाला जा म्हणू, असं त्यानं विचारलं.

म्हणून सकाळीच दोघं नाल्यावर गेले. डोहाच्या काठी उंच अर्जुनाचं झाड, त्यावर सुपाएवढं आग्या मोहळ. लच्छूला मशीन बुंध्याशी हवं होतं, आवाज जवळून यावा म्हणून. चैतूनं ते बुंध्यापासून दूर, पाण्यालगत ठेवायला लावलं आणि आपलाही नियम सांगितला.

"मी आरोळी मारली का सारं सोडून पाण्यात बसजा, भाऊ. मशीन पाहू नोको."

चैतू धुराचा पलिता कमरेला बांधून चढू लागला. गाणं सुरू झालं, संथ, लहान पोराला निजवताना म्हणतात तसं. लच्छू कानाला यंत्र लावून बसला. तेवढ्यात वारा फिरला. धूर भलतीकडे गेला आणि मोहळ उठलं. वरून आरोळी आली.

लच्छूचे हात मशीनवरच राहिले. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पहिला डंख भुवईवर बसला, तेव्हा चैतूची दुसरी आरोळी आली आणि मग लच्छू डोहात शिरला. श्वासापुरतं नाक वर काढायचं की पुन्हा बुडी. काठावर मशीन माशांनी काळंभोर झालं होतं, चक्रं मात्र फिरतच होती. चैतू स्वतः डंख खात खाली आला, ओला पाला पेटवून त्यानं धूर केला आणि लच्छूला ओढून बाहेर काढलं.

संध्याकाळी सुजलेल्या डोळ्यानं लच्छूनं सगळ्या गावाला टेप ऐकवली. आधी गाणं, मग माशांचा घोंघाट, त्यात चैतूची आरोळी. आपल्याच नवऱ्याचा आवाज पेटीतून येताना ऐकून बुधरी पदर तोंडावर धरून हसत होती. चैतूनं तीनदा ऐकलं. माशा निवल्यावर त्यानं पोळं उतरवलं होतं; त्यातला पहिला मध त्यानं पळसाच्या पानावर लच्छूपुढे ठेवला. तसा मध पुन्हा कधी चाखला नाही, असं लच्छू म्हाताऱ्या वयातही सांगे.

नागपूरला साहेबांनी टेप ऐकली. गाणं लांबचं वाटत होतं, त्यात मशीन सोडून पळाल्याचंही कळलं. लच्छूनं खरं सांगितलं, तुमचा नियम मोडला, चैतूचा पाळला. त्यानंतर मशीन त्याच्या हाती आलं नाही. वर्षभरात तो चांद्याच्या दुकानावर परतला.

दोन पावसाळ्यांनी चैतू तापानं गेला. बुधरी झाडू नावाच्या दिराला घेऊन पत्ता विचारत दुकानात आली.

"त्यायचा आवाज हाय ना तुमच्याजवळ? एकडाव आयकवा."

लच्छूला सांगावंच लागलं. टेपा महाग, संस्थेत त्या पुसून पुन्हा वापरत, तीही तशीच पुसली गेली होती. बुधरी दुकानाच्या फळीवर टेकली. तिला तसंच परत पाठवणं लच्छूच्या जिवावर आलं. त्यानं अडखळत गाणं म्हणायला सुरुवात केली. भाषा येत नव्हती, पण सूर कानात पक्का होता. दुसऱ्या ओळीला शब्द चुकला. बुधरीनं तो हळूच सुधारला. पुढच्या ओळीलाही सुधारला, आणि मग तिनंच गाणं हाती घेतलं. लच्छू थांबला. झाडूनं मान खाली घातली. रेडिओ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच उभं राहिलं.

गाणं संपल्यावर तिनं पाणी मागितलं. मोटार सुटायची वेळ झाली होती. लच्छू दुकान उघडंच टाकून त्यांना अड्ड्यापर्यंत पोचवायला गेला.